बोलणं बंद असलेल्या घरचं विरजण

तक्रार आमच्या वर्तमानपत्राच्या ऑफिसात फोनवर आली. अंबरनाथ पूर्वेच्या एका गृहनिर्माण सोसायटीचे सेक्रेटरी बोलत होते. त्यांची मुलगी शिवमंदिराच्या रस्त्यावरच्या एका मराठी शाळेत नववीत होती. इतिहासाच्या शिक्षकांनी वर्गाला गृहपाठ दिला होता आणि त्यासाठी ती वरच्या मजल्यावर विरजण मागायला गेली होती.

"यात तक्रार कसली?" मी विचारलं.

"वरच्यांच्या बाथरूमचं पाणी आमच्या बेडरूममध्ये गळतं. दोन वर्षं बोलणं बंद आहे. केस चालू आहे. वकिलांनी बजावलंय, त्यांच्याशी जिन्यात नजरसुद्धा मिळवायची नाही. आणि ही कार्टी त्यांच्याकडून विरजण घेऊन आली. वर मला सांगते, काकूंनी विचारलंय, बाबांचा गुडघा कसा आहे."

"धडा कोणता होता?"

"यादवी युद्ध. श्रीलंकेतलं. आता श्रीलंकेचा आणि आमच्या बाथरूमचा काय संबंध, तेवढं तुम्ही छापा."

छापण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण जिल्ह्याचं पान त्या दिवशी रिकामं होतं आणि शाळा वाटेवर होती.

इतिहासाच्या त्या शिक्षकांना, भोईर सरांना, मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते वर्गात पातेल्यात दूध ओतत होते. कबड्डी खेळलेला माणूस लांबूनही ओळखू येतो, तसे ते ओळखू येत होते. मान जवळजवळ नव्हतीच, खांदे सरळ कानाखाली सुरू होत. त्या शरीराच्या मानाने आवाज फार लहान होता. टेबलावर पाण्याच्या बाटल्या ठेवाव्यात तशा स्टीलच्या, प्लास्टिकच्या, एक-दोन पितळी डब्या मांडलेल्या. त्यांनी वर न बघता विचारलं,

"पालक का पत्रकार?"

"पत्रकार."

"मग मागच्या बाकावर बसा. मधे बोलायचं नाही. दही हलतं."

गृहपाठ असा होता: चमचाभर विरजण आणायचं, पण आपल्या घरातलं नाही. शेजारच्या घरातलं. आणि घर असं निवडायचं, की ज्यांच्याशी आपल्या घराचं बोलणं बंद आहे. ज्यांच्या घराचं कुणाशीच बोलणं बंद नाही त्यांनी हात वर करावा, असं सरांनी आधी सांगितलं होतं. एकही हात वर आला नव्हता.

मुलं एकेक करून उठत होती आणि कुणाकडून आणलं, काय बोलणं झालं ते सांगत होती. एका मुलाला शेजाऱ्यांनी दारच उघडलं नव्हतं.

"मग?" सरांनी विचारलं.

"सेफ्टी डोअरमधूनच म्हणाले, कशाला पाहिजे? मी म्हटलं, युद्धासाठी."

वर्ग हसला. "दिलं का?"

"दिलं. हातावर साखरपण ठेवली."

सगळ्या डब्या पातेल्यात रिकाम्या झाल्या. सरांनी दूध हलवलं, वर ताट झाकलं आणि पातेलं कपाटात ठेवलं. मग खिशातून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. दूरच्या एका देशातल्या लढाईची बातमी होती. तिचा फक्त शेवटचा परिच्छेद त्यांनी वाचला. दोन वस्त्या, मधे पिठाची एक चक्की. चक्कीवाला एका वस्तीतला, गिऱ्हाईक दोन्हीकडचं. आता चक्की बंद होती आणि दोन्ही वस्त्या दळणाचे दाणे भिजवून खात होत्या.

"दोन देशांचं युद्ध असतं तेव्हा शत्रू सीमेपलीकडे असतो," ते म्हणाले. "त्याच्या घरचं दही तुम्ही कधी खाल्लेलं नसतं. यादवी युद्धात शत्रूला तुमच्या घराची कुठली कडी सैल आहे ते माहीत असतं, कारण ती तुम्हीच त्याला दाखवलेली असते. आता सांगा, त्या गावात उद्या सकाळी काय काय अडेल?"

"किल्ली शेजारी ठेवता येणार नाही."

"आमच्या आजीला इन्सुलिनचं इंजेक्शन समोरची ताई देते. ते अडेल."

"आई कामावर जाणार तर बाळ कुणाकडे?"

"ट्युशनला सोबत कोण?"

मग खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली, "कुणी वारलं तर खांदा कोण देणार?"

सरांनी कात्रणाची घडी घातली. "बस. इथपर्यंत आलात, पुष्कळ झालं. युद्ध किती वर्षं चाललं, करार कुणाकुणात झाला, ते पुस्तकात आहे. ते परीक्षेत लिहा. हे लिहू नका. हे नुसतं लक्षात ठेवा."

बाहेर आल्यावर मी त्यांना सेक्रेटरींच्या तक्रारीबद्दल विचारलं. ते म्हणाले, "कुणावाचून कुणाचं अडत नाही, असं म्हणणाऱ्याने एकदा दही लावून बघावं." हे वाक्य पुढे मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं, की त्यांचं दुसरं नावच असावं असं वाटू लागलं. सेक्रेटरींचा पुन्हा फोन आला नाही. मुलीकडून कळलं, की केस चालूच आहे, पण गुडघ्याला लावायचं एक तेल वरच्या मजल्यावरून खाली आलं आहे.

ओळख वाढली ती बातम्यांच्या शेपटांमुळे. वर्तमानपत्रात बातमी खालून कापतात. सगळ्यात महत्त्वाचं वर लिहायचं, कमी महत्त्वाचं खाली, आणि जागा कमी पडली की शेवटचे परिच्छेद उडवायचे, हा या धंद्याचा पहिला धडा. एजन्सीकडून परदेशातल्या लढायांच्या लांबलचक बातम्या येतात. किती मेले, कोण काय म्हणालं, हे वर राहतं. चक्कीवाला खाली असतो, आणि तोच जातो. भोईर सरांना हे कळलं तेव्हा ते दुसऱ्याच दिवशी ऑफिसात आले.

"वरचं तुम्ही छापा," ते म्हणाले. "खालचं मला द्या."

"खालच्यात काही नसतं, सर."

"मेलेल्यांचं तुम्ही बघताय ना? मग जिवंतांचं मला बघू द्या."

तेव्हापासून मी कापलेले परिच्छेद त्यांना पाठवू लागलो. सुदान, सीरिया, म्यानमार. आधी छापून, नंतर फोनवर. त्यांचं उत्तर एका ओळीचं असे. "चांगला आहे. यात बादली आहे." किंवा, "हा नको. यात नुसते नेते आहेत." परिच्छेदात बादली, चूल, शाळेची घंटा, शिवणयंत्र असं काहीतरी हाताने धरण्यासारखं असलं तरच तो वर्गात जाई. श्रीलंकेला ते कधी गेले नव्हते. मुंबईच्या पलीकडे कामाशिवाय गेलेला हा माणूस नव्हे.

विरजणाची कल्पना त्यांना सुचली कुठून, हे मला बेलवलीत त्यांच्या घरी कळलं. भोईर मूळचे आगरी. आजोबांपर्यंत भातशेती होती. मग जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांच्याबरोबर भाऊबंदकी. सर आणि त्यांचा थोरला भाऊ एकाच अंगणातल्या दोन घरांत राहत. एका पावसाळ्याआधी भावाने अंगणाच्या मधोमध विटांची भिंत घातली. कोण चुकलं, हे सरांनी मला कधी सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा त्यांनी चहा घेता का म्हणून विचारलं.

त्या काळात त्यांची आई जिवंत होती. ती धाकट्याकडे राहत असे. भिंत झाली त्या दिवशी तिने सुनेला, म्हणजे सरांच्या पत्नीला, हाक मारून सांगितलं, "बाप्ये भांडतील ते भांडूं दे. विरजन बंद करू नको गो."

मग दुपारी दोघे भाऊ कामावर गेले, की दोघी जावा भिंतीवरून वाटी देत-घेत. ज्या घरचं दही बिघडलं असेल त्या घराला दुसरीकडून विरजण जाई. सात-आठ वर्षं भाऊ एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत आणि सात-आठ वर्षं एकाच विरजणाचं दही खात होते. हे दोघांनाही माहीत नव्हतं. आई गेली तेव्हा दोघे एका पंगतीत बसले. थोरल्याने पहिला घास घेतला आणि म्हणाला, "दही आपल्या घरचा वाटतो." वहिनी पदराआड हसली.

"भिंत आहे अजून," सरांनी मला ती दाखवली. तिच्यावर दोन्हीकडच्या गोधड्या वाळत होत्या. "पाडायला कुणाला वेळ आहे? आता वाटी ठेवायला बरी पडते." मग म्हणाले, "आमचं भांडण खरंच होतं. पण वाटी चालू होती. वाटी बंद झाली की ते युद्ध. मी मुलांना एवढंच शिकवतो."

त्यांचं शिकवणं मात्र एकदा त्यांच्याच हातात फुटलं.

यादवी हा शब्द मराठीला नवा नाही. पक्षात भांडण झालं की आम्हीच मथळा देतो, 'पक्षात यादवी'. पुराणात यादव कुळातले लोक आपसात लढून संपले, त्यावरून तो आला. सर दर वर्षी धडा सुरू करताना हे एका वाक्यात सांगत: "यादव आपसात लढले आणि सगळे संपले, म्हणून घरातल्या घरात होणाऱ्या युद्धाला यादवी म्हणायचं." सगळी नोकरी हे वाक्य त्यांनी उच्चारलं होतं आणि ते कुणाला लागू शकेल असं त्यांच्या मनात आलं नव्हतं.

त्या वर्षी वर्गात कांचन यादव होती. तिचे वडील रामअवध यादव यांचा अंबरनाथहून बदलापूरला जाणाऱ्या रस्त्यालगत म्हशींचा तबेला होता. मराठी शाळा सगळ्यात जवळची, म्हणून ती पहिलीपासून मराठीत. घरी भोजपुरी, तबेल्यात हिंदी, शाळेत मराठी, आणि तिन्ही ती सारख्याच तोऱ्यात बोलत असे.

सरांनी ते वाक्य म्हटलं आणि मागून साहिल नावाचा मुलगा म्हणाला, "म्हणजे सर, सुरुवात हिच्याच घरच्यांनी केली."

वर्ग हसला. "मीपण हसलो," सरांनी मला नंतर सांगितलं. "अर्धा. मग तिच्याकडे बघितलं."

मधल्या सुट्टीत 'ए यादवी' सुरू झालं. आठवड्याभरात ते तिच्या बाकावर कोरलं गेलं, मुलांच्या मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये गेलं, शाळेच्या बाहेरच्या वडापावच्या गाडीपर्यंत पोचलं. सरांनी साहिलला उभं केलं, समज दिली. वर्गातलं चिडवणं थांबलं आणि रस्त्यावरचं वाढलं. पुढच्या सोमवारी कांचन आली नाही. त्यानंतरही आली नाही. मग रामअवध यांचा निरोप आला, की मुलीचा दाखला द्या, उल्हासनगरच्या हिंदी शाळेत घालतो.

नववीच्या मध्यात माध्यम बदललेली मुलगी बहुतेक दहावीला बसत नाही, हे सरांनी पाहिलेलं होतं. आधी अभ्यास मागे पडतो, मग रिक्षाचा त्रास होतो, मग घरात कुणीतरी आजारी पडतं, आणि मग ती घरीच राहते. दाखला म्हणजे बहुतेक शाळेचा शेवट. लेखनिकाने तो तयार केला होता.

"दे इकडे," सर म्हणाले.

"सर, नियमाने पालकांच्या हातात द्यायचा असतो."

"नियमाने चार दिवस लागतात ना? लाव चार दिवस."

त्या संध्याकाळी त्यांनी मला फोन करून बोलावलं. "चला तबेल्यात. तुम्ही बरोबर असलात की मी कमी बोलतो."

आम्ही स्कूटरवर पोचलो तेव्हा दिवे लागले होते. धारा काढून झाल्या होत्या, म्हशी रवंथ करत उभ्या होत्या. रामअवध हौदाजवळ हात धूत होते. अंगाने ते सरांच्या निम्मे, आवाजाने दुप्पट.

"आइए मास्टरजी. दाखला लाए?"

सरांचं हिंदी मराठीच्या खांद्यावर बसून येई. "दाखला नहीं लाया. दही लगाने का है. थोडा विरजण होना था."

"क्या होना था?"

आतून कांचनचा आवाज आला. "जोरन माँग रहे हैं, बाबू."

त्याच्या पाठोपाठ तिच्या आजीचा, कडक. "दीया-बाती के बाद जोरन ना दियाला."

दिवेलागणीनंतर विरजण घराबाहेर देत नाहीत. सर लगेच उभे राहिले. "बरोबर आहे. हमारे में भी नहीं देते. मैं विसर गया. सुबह आता हूँ."

रामअवध यांना हसू आलं. "और दाखला?"

"वो भी सुबह."

परतीच्या वाटेवर, रेल्वेच्या फाटकापाशी स्कूटर थांबली तेव्हा ते मान न वळवता म्हणाले, "विसरलो नव्हतो."

सकाळी आजीने चहा दिला आणि मातीच्या परळात चमचाभर जोरन. रामअवध खाटेवर बसले आणि मुद्द्यावर आले.

"मास्टरजी, मेरे बाप के टाइम से हम इधर दूध दे रहे हैं. भोईर पीता है, गायकर पीता है, सिंधी सेठ पीता है. दूध की जात किसी ने नहीं पूछी. और लड़की का नाम स्कूल में गाली बन गया."

"गाली नहीं है. किताब का शब्द है," सर म्हणाले. मग स्वतःशीच मान हलवली. "पण निघाला माझ्या तोंडून. मेरे मुँह से निकला. अब से नहीं बोलेगा. गृहयुद्ध बोलेगा."

कांचन बादल्या घासत होती. तिने हात थांबवला नाही. "नको सर," ती मराठीत म्हणाली. "शब्द बदललात तर म्हणतील, हिच्यासाठी बदलला. मग अजून चिडवतील."

"मग काय करू, सांग."

"मला एक विचारायचंय. पण इथे नाही. वर्गात."

"त्याला वर्गात यावं लागेल."

"येते. एक दिवस."

रामअवध यांनी तिच्याकडे आणि मग सरांकडे पाहिलं. "एक दिन. दाखला उसके बाद."

निघताना सरांनी परळ उचललं आणि विचारलं, जोरन म्हणजे काय? रामअवध यांना प्रश्नच विचित्र वाटला. "जोरन माने जोरने वाला. दूध को दही से जोरता है. और क्या?"

स्कूटरवर सर म्हणाले, "त्यांच्याकडे ते जोडतं. आपल्याकडे उत्साहावर पडतं. तुमचा पेपर तर रोज कुणाच्या ना कुणाच्या उत्साहावर पाडतो." आदल्याच दिवशी एका क्रिकेट स्पर्धेच्या बातमीला तो मथळा मी स्वतः दिला होता.

कांचन दुसऱ्या दिवशी आली. माझी जागा ठरलेली होती, मागच्या बाकावर. तिने येताना घरून डबी आणली होती. ती टेबलावर ठेवली आणि जागेवर न जाता तिथेच उभी राहिली. वर्गाकडे तोंड नव्हतं, सरांकडे होतं.

"सर, तुम्ही म्हणालात, यादव आपसात लढले आणि सगळे संपले."

"म्हणालो."

"सगळे संपले, तर आम्ही कुठून आलो?"

कुणी हसलं नाही. मागून साहिलच उठून म्हणाला, पण या वेळी हळू. "पुराणात संपले. ते काय खरे थोडेच?"

कांचन वळली. "मग चिडवताना कसे खरे होते?"

साहिल खाली बसला. सरांच्या हातात खडू होता आणि फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं. एवढ्या मोठ्या माणसाला हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. मग त्यांनी खडू टेबलावर ठेवला. "इतकी वर्षं शिकवतोय, हा प्रश्न मला पडला नाही. ज्याने ती गोष्ट सांगितली त्याने मैदान बघितलं, लढणारे पडलेले बघितले आणि म्हणाला, संपले. तो घराकडे गेलाच नाही. घरात कोणीतरी होतं. नाहीतर ही आज इथे उभी नसती."

त्यांनी पातेलं पुढे ओढलं. "आजपासून प्रश्न बदलला. काय अडेल, हा जुना झाला. नवा असा: लढाई संपल्यावर कोण उरलं असेल, आणि सकाळी उठून त्याने पहिलं काम काय केलं असेल?"

एक मुलगी म्हणाली, पाणी भरलं असेल. एक मुलगा म्हणाला, कोण कोण उरलंय ते बघायला दारोदार फिरलं असेल. मग साहिल पुन्हा उठला. त्याच्या चेहऱ्यावर नेहमीची मस्करी नव्हती आणि पुरता गंभीरपणाही नव्हता.

"सर, म्हशी उरल्या असतील."

दोघे-तिघे हसले. सर हसले नाहीत. "मग?"

"म्हशीला काय माहीत युद्ध झालं ते? ती वेळ झाली की ओरडणार. दूध काढावंच लागलं असेल."

"नाही काढलं तर सड सुजतात," कांचन म्हणाली. हे ती साहिलला नव्हे, टेबलाला सांगत होती. "तापपण येतो तिला."

"मग तुझ्यासारखं कोणीतरी बादली घेऊन उठलंच असणार," साहिल म्हणाला.

सरांनी डबी उघडली, जोरन दुधात घातलं, हलवलं आणि ताट झाकलं. मग साहिलकडे न बघता विचारलं, "तुझा गृहपाठ राहिलाय. तुझं बोलणं कुणाशी बंद आहे?"

साहिलने नजरेनेच दाखवलं.

"मग तिकडूनच आणायचं. सकाळी जा. दिवेलागणीनंतर देत नाहीत."

पातेलं कपाटात गेलं. ते दही दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सगळ्यांनी डब्यातल्या पोळीशी, भाताशी खाल्लं. ते किंचित आंबट लागल्याचं मला सरांनी तक्रारीच्या सुरात कळवलं.

साहिल तबेल्यात गेला. आजीने त्याला तिथे बसवून ग्लासभर दूध पाजलं आणि मग चमचाभर जोरन दिलं. चिडवणं एका दिवसात थांबलं नाही. बाकावर कोरलेलं 'यादवी' तसंच राहिलं, कारण लाकडावरचं जात नाही. पण त्याच्या खाली कुणीतरी कर्कटकाने 'कुठून आली?' असं कोरलं. ते चिडवणं होतं की प्रश्न, हे सरांनाही ठरवता आलं नाही. कांचन शेवटपर्यंत त्याच बाकावर बसली. 'एक दिवस' किती लांबला, हे रामअवध यांनी मोजलं नाही. दाखला घ्यायला ते आले नाहीत आणि पुढच्या वर्षी दहावीचे पेढे मात्र स्वतः घेऊन आले. खव्याचे, घरच्या दुधाचे. त्या दिवशी लेखनिकाने तो जुना दाखला फाडला.

सर निवृत्त झाले तेव्हा भाषणं झाली, शाल-श्रीफळ झालं. एका वक्त्याने, सरांच्या जाण्याने शाळेच्या आनंदावर विरजण पडलं आहे, असं म्हटलं. सभागृहातली काही माजी मुलं हसू लागली आणि वक्त्याला कारण कळलं नाही. सरांनी उत्तरादाखल दोनच वाक्यं म्हटली. एक दह्याचं, नेहमीचं. दुसरं, "संपलं असं कुठेही वाचलंत, तर पुढचा परिच्छेद शोधा."

ते बेलवलीतच असतात. सकाळी भावाबरोबर फिरायला जातात, दोघे फार बोलत नाहीत. आठवड्यातून एकदा मला फोन येतो. "खालचं काही आहे का?" शाळा नसतानाही त्यांना ते कशाला लागतं, हे मी विचारलं नाही. आमच्या डेस्कवर आता परदेशातल्या लढाईची बातमी कापताना नवे उपसंपादकही शेवटचा परिच्छेद एकदा वाचून बघतात. असा काही नियम नाही.

या वर्षी त्यांचा फोन वेगळ्या कामासाठी आला. कांचन बी.एड. करते आहे आणि सरावाच्या पाठासाठी तिला तीच शाळा मिळाली आहे. पाठ तिने स्वतः निवडला होता. सर आणि मी मागच्या बाकावर बसलो. बाक बदलले होते, त्यामुळे सर त्यात कसेबसे मावले.

तिने टेबलावर डबी ठेवली. फळ्यावर धड्याचं नाव लिहिलं. मागून एक मुलगा शेजाऱ्याला कोपर मारून म्हणाला, "बाई, तुमचं आडनावपण यादव ना?"

वर्गात हसू पसरू लागलं. सरांनी बाकाची कड धरली.

"हो," कांचन म्हणाली. "ती गोष्ट आमचीच. त्यात आम्ही सगळे संपलो, असं सांगतात." तिने हजेरीपट उघडला. "आता शांत बसा. हजेरी घेते."

सरांनी कड सोडली. तिने पहिलं नाव पुकारलं, आणि खिडकीजवळची एक मुलगी उठून म्हणाली, "हजर, बाई."